खालच्या थरातली रेघ

४ मार्च

रेघ आहे! फिल्म धुतली, उजेडाच्या पेटीवर ठेवली — आहेच! मेंदूच्या सालीच्या खालच्या थरांतला काळा पट्टा झोकात येतो आणि एका जागी थबकतो. पुढे एकदम फिका. पेशी रंगवून केलेल्या जुन्या नकाशात तिथे काहीच नाही, दोन्हीकडे अगदी सारखं. एकोणीस वर्षं या प्रयोगशाळेत मेंदूचे काप काढतेय, असं कधी पाहिलं नव्हतं.

सर आले. चष्मा कपाळावर, नाक फिल्मला टेकलेलं. "बाई, ओघळ आहे हा. वाळवताना पाणी राहिलं." झालं! खापर माझ्या हातांवर.

५ मार्च

राग उतरलेला नाही. आईने विचारलं, "अगं, पण आहे काय ते?" म्हटलं, मेंदूच्या वरच्या सालीत पेशींना चेतवणारं एक रसायन असतं. ते जिथे जाऊन बसतं ते ग्राही. कुठे दाटीवाटीने, कुठे विरळ. त्यांना आम्ही किरणोत्सारी औषध चिकटवतो, मग दाट जागा फिल्मवर काळी उमटते. ते दाट-विरळ जिथे बदलतं तिथे मेंदूतला एक भाग संपून दुसरा सुरू होतो.

आई म्हणाली, "मग सरांना दिसत कसं नाही? चष्मा बदलायला सांग."

६ मार्च

सरळ विचारलंच सरांना. ओघळ असेल तर कापाची काच उलटी धरून वाळवल्यावर रेघ जागा बदलेल ना? "बदलेल." आणि नाही बदलली तर? हसले. "तर आपल्या नव्या नकाशात घालतो. जूनअखेर छापायला जातोय. तोवर सिद्ध करा, नाहीतर पुसली."

दोन वेगळ्या मेंदूंचे काप घेतले. चोवीस काचांवर चढवले, औषध चिकटवलं. बर्फगार पाण्यात सेकंद मोजून धुतल्या. अर्ध्या सुलट वाळवल्या, अर्ध्या उलट. फिल्मवर दाबून अंधाऱ्या पेटीत बंद. फिल्म उमटायला आता चौदा आठवडे!

२१ एप्रिल

पेटीला हात लावायचा नाही, बाई. लावायचा नाही.

सर दुपारी उगवले. दात दाखवायला गेले होते म्हणे.

१९ मे

सर आजही नाहीत. दातच! एका माणसाला दात असतात तरी किती?

१२ जून

जागची हलली नाही!! चोवीसच्या चोवीस! सुलट, उलट, हा मेंदू, तो मेंदू — रेघ तिथल्या तिथे. अंधाऱ्या खोलीतून ओरडतच बाहेर आले, हातमोजेसुद्धा काढले नव्हते.

सरांनी पट्टी लावून एकेक रेघ मोजली. तास गेला. मी नखं खात उभी. शेवटी त्यांनी पेन्सिल घेतली आणि नकाशात रेघ स्वतः ओढली. "बाई, हात तुमचा साफ आहे. नजर माझी चुकली." एकोणीस वर्षांत पहिल्यांदा!

नाचावंसं वाटत होतं. घरी येऊन खरंच नाचले. आई म्हणाली, "बदलला वाटतं चष्मा!"

३० जून

नकाशा गेला. रेघेखाली माझं नाव आहे. तीनदा वाचलं.

२ जुलै

दात नव्हतेच ते.

सकाळी टेबलावर मेंदूदानाचा अर्ज होता, सरांच्या सहीचा. सोबत रुग्णालयाचे कागद, तारखा २१ एप्रिल आणि १९ मेच्या. सूचनांच्या रकान्यात त्यांचं ते किरटं अक्षर: 'काप बाईंनीच काढावेत. अर्धे उलट वाळवावेत.'