द्वारकाबाईंचं सैपाकघर

जुना जालना,
४ मे १९९३

तीर्थरूप दादा, तुमच्या आणि आईच्या पायांवर डोकं ठेवून लिहिते.

नदीकाठच्या वस्तीत चांगली खोली मिळाली. शाळेत शिकवायला चालत जाते. इथली कुंडलिका आपल्या शहागडच्या गोदावरीएवढी रुंद नाही, सध्या तर नुसता ओहोळ आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

पहिल्या दिवशी मी गल्लीतल्या मोकळ्या जागेतून सरळ नळावर निघाले. शेजारच्या पुष्पाबाई म्हणाल्या, "अगं, चपला घालून द्वारकाबाईच्या सैपाकघरात कुठं शिरलीस?"

तिथं एक वीटही नाही. ते घर जुन्या पुरात द्वारकाबाईंसकट वाहून गेलं. तरी सगळी गल्ली अजून भिंत असल्यासारखी वळसा घेते. आता मीही घेते.

आपल्या धाकट्या छबूला जूनमध्ये शिकायला माझ्याकडे पाठवायचं ठरलंय, म्हणून विचारलं, पाणी आपल्या खोल्यांपर्यंत येतं का?

"भिऊ नको," पुष्पाबाई म्हणाल्या. "पाणी चढलं की हाक मारीन. द्वारकाबाईलाबी मारल्ती."

मी बरी आहे, काळजी नसावी. छबूला मात्र दिवाळीनंतरच पाठवा. तिचं वर्ष गेलं तरी चालेल. तोवर मला शिकवलंत तसं तिला घरीच शिकवा.

तुमची लेक,
वैजयंता