शेडमधलं जॅकेट

१२ ऑक्टोबर, ओडेन्स, डेन्मार्क
पाचवा महिना लागला. आजपासून सिगारेट बंद म्हणजे बंद. टॉर्बेनला सांगितलं. नवरा असावा तर असा, लगेच विश्वास ठेवला.

१३ ऑक्टोबर, सकाळी ११
एक ओढली. एकदम बंद केलं तर बाळाला धक्का बसतो. कुठेतरी वाचलंय. बहुतेक.
शेडमध्ये बागकामाचं जुनं जॅकेट घालून ओढते. वास लागला तर जॅकेटला.

२ नोव्हेंबर
गरोदर बायकांच्या तब्येतीचा अभ्यास चाललाय, त्यात मी नाव दिलंय. तिथल्या मुलीचा फोन. दिवसाला किती ओढतेस? टॉर्बेन शेजारीच बटाटे सोलत होता. शून्य म्हणाले. तो नसता तर खरं सांगितलं असतं. दहा. त्यातल्या चार अर्ध्याच.

१९ मार्च
मुलगा! आस्गर. सगळं छान, फक्त वृषणाची डावी गोटी पोटातून खाली उतरलेली नाही. सहा महिने वाट बघू, पुष्कळांची आपोआप उतरते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पोटुशी असताना सिगारेट? त्यांनी विचारलं. टॉर्बेनने छाती फुगवून सांगितलं, एकही नाही. मी बाळाची टोपी सारखी करत बसले. इतकंसं पोर माझं.

२ एप्रिल
सासूबाई आल्या. म्हणाल्या, रडतेस काय वेड्यासारखी, टॉर्बेनचंही हेच होतं, सातव्या वर्षी ऑपरेशन झालं. म्हणजे घराण्यातच आहे! सुटले. केक कापला. मग म्हणाल्या, त्याच्या वेळी मी दिवसाला वीस ओढायचे, काय वाकडं झालं? मी उरलेला केक झाकून ठेवला.

३० मे
आस्गर दुपारी बाहेर बाबागाडीत झोपतो, इथली सगळी बाळं झोपतात तसा. मी जॅकेट घालून शेजारीच बसते. आईचं लक्ष नको? धूर पलीकडे सोडते. वजन करायला येणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, ताजी हवा उत्तम.

२१ सप्टेंबर
उतरली नाही. फेब्रुवारीत ऑपरेशन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एका मुलाचं नक्की कारण सांगता येत नाही. सिगारेटने धोका थोडा वाढतो असं काही अभ्यासांत दिसतं, काहींत नाही. मी ‘नाही’ तेवढं घट्ट धरलं. मग आठवलं, एका अभ्यासात माझंच खोटं शून्य आहे.
टॉर्बेनला रविवारी सगळं सांगणार.

२६ सप्टेंबर, रविवार
हवा इतकी छान होती. कशाला बिघडवा?

८ फेब्रुवारी, हॉस्पिटल
आस्गर उपाशी, रडून लाल. ज्याने मूल शांत होतं ते बरोबर आणा, असं पत्रात होतं. मी कापडी ससा आणला होता. त्याने भिरकावला. टॉर्बेनने पिशवीतून ते जॅकेट काढलं. आस्गरने त्यात नाक खुपसलं आणि गप्प झाला. टॉर्बेन म्हणाला, आई म्हणजे त्याला हाच वास माहीत आहे. टॉर्बेन उन्हाळ्यात कात्री शोधायला शेडमध्ये गेला होता, तेव्हा जॅकेट हाती लागलं आणि कळलं त्याला. तू सांगशील म्हणून थांबलो, म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.
इथल्या नर्सबाईंनी विचारलं, पोटुशी असताना दिवसाला किती सिगारेट? दहा, म्हणाले. चार अर्ध्या होत्या हे नाही सांगितलं.

दुपारी २
ऑपरेशन नीट झालं. आजपासून बंद म्हणजे बंद. शेवटची एक ओढून यावी म्हणून उठले. पाकीट जॅकेटच्या खिशात. जॅकेट आस्गरच्या मुठीत. झोपेतही सोडेना.
खाली बसले.