कोपऱ्यातली गुळगुळीत फळी

३ नोव्हेंबर

चि. सौ. धाकटीस,

अ. उ. आशीर्वाद. ते पहिल्याच ओळीत देऊन टाकते, कारण पुढे सगळा रागच आहे.

तुझं पत्र आणि सोबतचा नव्या स्वयंपाकघराचा नकाशा मिळाला. माझ्या भावाचं लग्न झालं तेव्हा घरात सून आली असं मला कळवलं होतं, कंत्राटदार आल्याचं कोणी बोललं नव्हतं. खोटं कशाला सांगू, नकाशा पाहून पोटात दुखलं. खिडकीखाली लांबलचक ओटा काय, जाळीच्या दारांची कपाटं काय! इथे माझ्या स्वयंपाकघरात दोघी उभ्या राहिल्या तर एकीला श्वास रोखावा लागतो. त्या लाकडी घराच्या पायऱ्या झिजवल्या मी आणि आता ते नटवणार तू.

असो. कुजलेल्या फळ्या काढ, करकरणारी जमीन बदल, माझी हरकत नाही. फक्त उजव्या कोपऱ्याला हात लावायचा नाही. आई जिथे भाजी चिरते, तिथल्या भिंतीतली एक फळी अगदी गुळगुळीत आहे. लहानपणी मी तिला गाल लावून उभी राहायची. माझ्या घरी ओटा घालताना मी सुताराशी भांडून चिरायची जागा तशीच, उजव्या कोपऱ्यात भिंतीला खेटून करून घेतली. तो नको नको म्हणत होता. मी त्याला बजावलं, की माझ्या आईचं आहे तसंच हवं. तुझ्या नकाशात तिथे भिंतच दिसत नाही. चुकून राहून गेली असेल तर नकाशात आखून घे.

आणि हो, आई तुला धाकटी म्हणते म्हणून मीही म्हणते. तिला मुलगी मी एकटीच. मग ही धाकटी कुठून उपटली, ते एकदा विचारायचं आहे.

लोभ आहे, पण सध्या रुसून बसलाय.

तुझी नणंद,
ताई

११ नोव्हेंबर

ती. ताईंस,

शि. सा. न. वि. वि. तुमचा राग पोचला, आशीर्वादही पोचले. दोन्ही जपून ठेवलेत.

सध्या मागच्या खोलीत ट्रंकेवर शेगडी मांडून स्वयंपाक चाललाय. चहात भुसा, अंथरुणात भुसा. तुमच्या भावाच्या मिशीत पाहिला तेव्हा आई पोट धरून हसल्या. जमीन उघडल्यावर कळलं की मागची बाजू खचली आहे. टोपलीतून पडलेला कांदा नेहमी मोरीकडेच का पळायचा, त्याचा उलगडा झाला.

आता जे लिहायला हात धजत नव्हता ते लिहिते. नकाशात चूक नव्हती. ती कोठीकडची मधली भिंत होती, ती काढली. तुमचं पत्र मी आईंना वाचून दाखवलं होतं. ते ऐकून त्या उठल्या आणि सुताराला म्हणाल्या की आधी तीच भिंत काढ. कारण मला ठाऊक आहे, पण ते त्यांनीच तुम्हाला सांगावं, मी मध्ये बोलणं बरं नव्हे. तुमची फळी मात्र जुन्या चादरीत गुंडाळून माझ्या पलंगाखाली ठेवली आहे.

ताई, तुम्ही माझा हेवा करता. मी या घरात आल्यापासून ऐकते आहे, थोरली पोळ्या अशा लाटायची, थोरलीच्या हाताला चव होती. जळायला मलाही येतं हो.

रुसलेल्या लोभाला माझा नमस्कार सांगा.

आपली,
धाकटी

१६ नोव्हेंबर

ती. आईस,

शि. सा. नमस्कार. तब्येत विचारत नाही, भिंत पाडायला सांगण्याइतकी ती खणखणीत दिसते.

आई, मला फार लागलं. मी एकच गोष्ट राखायला सांगितली होती. तू तीच आधी काढायला लावलीस आणि कारण सांगितलंस ते सुनेला. तुझ्या मनातलं आता तिला आधी कळतं. मला कळतं ते तिच्या पत्रातून, तेही अर्धवट. ती तुझ्याजवळ राहते, तुझं करते, सगळं मान्य. तरी त्या घरात मी अजून तुझी लेक आहे की चार दिवसांची पाहुणी, एवढं मला लिहून कळव. तोवर मी यायची नाही.

रागावलेली, पण तुझीच,
थोरली

२२ नोव्हेंबर

चि. सौ. थोरलीस,

अनेक आशीर्वाद. लहानपणी रुसून कोठीत जाऊन बसायचीस, आता कोठीही राहिली नाही, तेव्हा पत्र नीट वाच.

तुझी आजी डावखुरी होती. तुला आठवायची नाही, तू पाळण्यात असतानाच ती गेली. आजोबांनी तो ओटा तिच्या हाताच्या बेताने केला होता. डावीकडे मोकळं आणि उजवीकडे भिंत. मी उजव्या हाताची. सून होऊन आले आणि त्याच कोपऱ्यात उभी राहिले. नवी सून ओटा फिरवून मागते का कुठे? सुरी चालली की कोपर भिंतीवर आपटायचं. तुझी ती गुळगुळीत फळी माझ्या कोपराने घासली गेली आहे, बाळ. तू तिला गाल लावून उभी राहायचीस ते मला आवडायचं, म्हणून तुझ्याजवळ कधी बोलले नाही. पुढे सवयच झाली.

धाकटीलाही मी आपणहून सांगितलं नव्हतं. तेल चोळताना तिला कोपरावरचा घट्टा दिसला. मग मी भाजी चिरत असताना ती दारात उभी राहून बघत राहिली. तिने विचारलं, मी सांगितलं. त्यात गुपित कसलं? तू आईला जन्मभर तशीच उभी पाहिलीस, तुला काय वेगळं वाटणार? माझ्या मनात काही नाही.

काल नव्या ओट्यावर पहिल्यांदा भाजी चिरली. हात मागे घेताना कुठे थांबायचं तेच कळेना.

तू माझी लेकच आहेस. ये लवकर.

तुझी,
आई

२९ नोव्हेंबर

चि. सौ. धाकटीस,

आशीर्वाद. या वेळी मनापासून.

आईचं पत्र वाचलं आणि आमच्या ओट्याशी जाऊन उभी राहिले. उजव्या भिंतीवर माझ्या कोपराच्या उंचीला रंग उडाल्याचा एक डाग आहे. दर वेळी रंग दिला की थोड्याच दिवसांत तो पुन्हा उमटतो आणि मी रंगाऱ्याच्या नावाने बोटं मोडते. मीही उजव्याच हाताची. कोपर दुखतं म्हणून मलम लावते आणि वयाला दोष देते. तो बिचारा सुतार हेच सांगत होता.

माझा जळफळाट थांबला असं समजू नकोस. आधी कपाटांवरून जळत होते. आता तू आईचं कोपर पाहिलंस आणि मी पाहिलं नाही, यावरून जळते. हे जास्त लागतं.

फळी मला नको. भिंतीत तर मुळीच लावू नकोस. पलंगाखालीच राहू दे. मी आले की एकदा गाल लावीन, मग काय करायचं ते तुम्ही दोघी ठरवा.

तिकडचं काम आटोपलं की तुझ्या त्या सुताराला इकडे पाठव आणि तूही ये. मी माझ्या ओट्याशी भाजी चिरायला उभी राहते. तू दारात उभी राहून बघ.

लोभ असू दे. मला तो लागणार आहे.

तुझी,
ताई