सहा कोस्टर, एक उन्हाळा

८ एप्रिल, शनिवार
उन्हाळ्याचा बेत पक्का. सहा लाकडी रोलर कोस्टर, डॅड आणि मी, मे ते ऑगस्ट. निवड वस्तुनिष्ठ आहे. स्टीलचे कोस्टर मी धरतच नाही, ते नव्या लिफ्टसारखे गुळगुळीत असतात. लाकूड हलतं, कुरकुरतं, सकाळी एक वागतं आणि तापलेल्या दुपारी दुसरंच. ज्याला खरोखर पोटात गोळा यायला हवा त्याने लाकडावरच बसावं. इंडियानातला व्हॉयेज पहिला: लांबलचक, दम काढणारा. ओहायोतला बीस्ट अंधार पडल्यावर, कारण झाडीत पुढचं वळण दिसत नाही. आपल्या पेनसिल्व्हेनियातला फिनिक्स उंचीने बेताचा, पण बूड आसनावर टिकू देत नाही. उरलेले तीन जवळपासचे.

डॅडला फोन केला. त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण आधी मी यादी वाचून दाखवली. तो म्हणाला, "बाईसाहेब, सुट्टी आखतेयस की लढाई?" मग त्याचं सांगायचं राहूनच गेलं. महत्त्वाचं असेल तर पुन्हा सांगेल.

त्याची केमो दर बुधवारी असते. उन्हाळ्यापर्यंत आटपेल. संकल्प: या वहीत प्रकृतीबद्दल लिहायचं नाही. ही सहलीची वही आहे.

२६ एप्रिल, बुधवार
डॅडला हॉस्पिटलात नेलं, आणलं. परतताना म्हणाला, "लिड, जरा कडेला घे ना गाडी. बोलू." हमरस्त्याच्या कडेला विनाकारण थांबणं किती धोक्याचं असतं, ते मी त्याला समजावलं. स्वतः तीस वर्षं स्कूलबस चालवलेल्या माणसाला हे समजावावं लागतं! तो "बरं" म्हणाला आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला.

त्याने पँट पट्ट्याला आणखी एक भोक पाडून धरली आहे. वजन उतरलंय, ते चांगलंच. डॉक्टर दहा वर्षं तेच सांगत होते.

व्हॉयेज यादीतून काढला. इंडियाना फार लांब. कारण फक्त अंतर.

१३ मे, शनिवार
रोझॅन आत्याशी वाद. ती डॅडची थोरली बहीण, त्याच्या शेजारीच राहते, आणि जन्मभर नर्स असल्यामुळे कुणाशीही वॉर्डातल्यासारखंच बोलते. म्हणाली, "अगं, तो जिना चढताना दोनदा खाली बसतो, आणि तू त्याला शंभर फुटांवरून लोटायला निघालीस?"

मी शांत राहिले. मी पंपांची कंपनं मोजते, हा माझा विषय आहे. झटक्याचा जोर वेगळा आणि तो किती वेळ टिकतो ते वेगळं. साध्या शिंकेतही मानेला बराच झटका बसतो, हे मी तिला मुद्देसूद सांगितलं. ती म्हणाली, "मग त्याला घरीच मिरपूड हुंगायला दे. पेट्रोल तरी वाचेल."

डॅड खुर्चीत हसत होता. हसता हसता खोकला आला. आत्या माझ्याकडे बघत राहिली. मी घड्याळाकडे.

बीस्टही रद्द. रात्री गाडी चालवणं मला आवडत नाही. गेल्या वर्षीपर्यंत आवडायचं. आवडी बदलतात.

२९ मे, सोमवार
मेमोरियल डेची सुट्टी. आत्याच्या अंगणात शेगडी. डॅडने अर्धा हॉटडॉग खाल्ला आणि उरलेला टेबलाखालून शेजारच्या कुत्र्याला दिला. मी पाहिलं हे त्याने पाहिलं. डोळा मारला.

मग म्हणाला, "लिड, मी डॉक्टरांशी बोललो." त्याच वेळी थंड पेयांच्या पेटीतला बर्फ संपत आलाय असं माझ्या लक्षात आलं. आणायला गेले. परत आले. आत्याने माझ्या हातातली पिशवी घेतली, पेटीचं झाकण उघडून मला दाखवलं आणि म्हणाली, "बघ, आहे की ढीगभर." होता. पण वितळत होता.

फिनिक्सचं नंतर बघू. सुट्टीच्या दिवसांत तिथे फार गर्दी असते. जवळपासच्या तिघांपैकी दोघांवर यंदा रुळांचं काम निघू शकतं. निघालेलं नाही, पण निघू शकतं.

उरला तिसरा, ब्लू जे. यादी आता सुटसुटीत झाली आहे.

११ जून, रविवार
ब्लू जेवर एकटी जाऊन आले. आमच्या गावाबाहेरचा छोटा पार्क, गाडीने वीस मिनिटं. कोस्टर जुना, पांढऱ्या रंगाचा, सगळ्यात मोठा उतार सत्तर फूट. माझ्या उंचीला इथे बसायची परवानगी मिळाली त्या दिवशी डॅड मला पहिल्यांदा घेऊन आला होता. आठवडाभर बसमधल्या पोरांवर "खाली बसा" म्हणून ओरडणारा माणूस, आणि रविवारी इथे स्वतःच दोन्ही हात वर करून किंचाळायचा.

कंपनमापक कोटाच्या आत बांधून प्रत्येक डब्यात बसले. चाकांच्या वरची बाकं वाईट, दणके थेट मणक्यात येतात. मधल्या डब्यातलं मधलं बाक सर्वांत सौम्य. तिथे डॅडला काहीही होणार नाही. मांडीवरचे सुरक्षा दांडे तपासणाऱ्या बाईने विचारलं, "किती वेळा बसतेस गं? एवढा आवडला?" मी म्हटलं, मोजते आहे. ती म्हणाली, "काय?" तिला काय सांगणार, तांत्रिक आहे.

२१ जून, बुधवार
आज केमो दिली नाही. रक्त तपासलं आणि परत पाठवलं. तपासणी यंत्रं अधूनमधून चुकतात, हे मला व्यवसायामुळे ठाऊक आहे.

मात्र संध्याकाळी डॅडने स्वतः फोन केला: "ब्लू जेला कधी नेतेयस? फार लांबवू नकोस." उत्साह! पाच कोस्टर मी काढून टाकले तेव्हा हूं की चूं केलं नाही, आणि आता हा घाई करतोय. तब्येत सुधारत असल्याशिवाय माणसाला असं सुचत नाही. आत्याला हे कळवलं. ती नुसतंच "ने गं बाई त्याला" म्हणाली. वाद घातला नाही. पटलं असावं.

९ जुलै, रविवार
झालं. मधला डबा, मधलं बाक.

दांडे तपासणाऱ्या बाईने पाठ, मान, हृदयाचा त्रास असलेल्यांनी बसू नये, ही पाटीवरची सूचना डॅडला वाचून दाखवली. तो म्हणाला, "त्या पाटीवरचं सगळं आहे माझ्याकडे. बसव." ती माझ्याकडे बघायला लागली. मी मान डोलावली. दांडा खाली आला आणि मांड्यांवर घट्ट बसला.

गाडी साखळीवर चढली. चढ सावकाश असतो, खालून टक टक ऐकू येतं. डॅड म्हणाला, "आता ऐक. इथून तुला बर्फ आणायला जाता येणार नाही."

मग त्याने सांगितलं. औषध बंद करतोय. डॉक्टर म्हणाले, चालू ठेवलं तर थोडे दिवस वाढतील, पण त्या दिवसांत हाल होतील. रोझॅनला माहीत आहे. "तुला एप्रिलपासून सांगायला बघतोय, पोरी. या बुधवारी गाडी घेऊन येऊ नकोस."

मी म्हणाले, "हात आत ठेव."

तो म्हणाला, "एवढंच?"

मी म्हणाले, "दांडा घट्ट धर."

आम्ही माथ्यावर पोचलो. त्याने दोन्ही हात वर केले.

उतार मला आठवत नाही. वळणं किती, कुठे उचलले गेलो, तो किंचाळला का, काहीच नाही. कंपनमापक चालू होता, त्यात सगळं आहे. उघडून पाहिलेला नाही.

परतताना गाडीत तो लगेच झोपला. घरी आत्या दारातच उभी होती. तिने विचारलं, सांगितलं ना त्याने? मी म्हटलं, कोस्टर व्यवस्थित आहे.

१० जुलै, सोमवार
विचाराअंती: माणूस उंचीवर असताना काहीही बोलतो. शिवाय थकला होता. बुधवारी नेहमीप्रमाणे जायचं. हॉस्पिटलात पोचल्यावर त्याचा विचार बदलेल. पुढच्या उन्हाळ्यासाठी व्हॉयेज पुन्हा यादीत घेतला.

१२ जुलै, बुधवार
साडेसातला त्याच्या दारात. गाडी चालूच ठेवली होती. डॅड घरातल्या झग्यावर बाहेर आला, खिडकीतून हात आत घालून गाडी बंद केली आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. म्हणाला, "अंडी केलीत. करपलीत. ये."

आत गेले. खाल्ली. करपलेली होती. तो समोर बसला होता, खात नव्हता. खुर्चीत सारखा कूस बदलत होता. असं तो मार्चपासून करतोय. मी खुर्चीला दोष देत होते.

मी विचारलं, दुखतं का.

तो हो म्हणाला. मग कुठे, कसं, रात्री किती, आणि कशाची भीती वाटते, ते सांगत राहिला.

मी मध्ये बोलले नाही.