तळाची मूठ

४ डिसेंबर
संगमेश्वरहून एसटीने आलो, फाट्यावर उतरलो, चढ चढलो आणि सड्याच्या, म्हणजे कातळपठाराच्या, कडेच्या या चिऱ्याच्या घरात प्रसन्न मनाने प्रवेश केला. आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालेल्या विधुर माणसाला याहून चांगले काम कोणते मिळणार? महिला गटाचे भाताचे बियाणे राखायचे आणि उरलेला वेळ ओटीवर वाचत बसायचे. पाटीवर ‘बीयाने’ असे लिहिले होते. ते मी खडूने तत्काळ दुरुस्त केले. गटाच्या अध्यक्षा येसूबाई हसून म्हणाल्या, आता अळ्यासुद्धा शुद्ध खातील.

माझ्याआधी येथे भागोजी नावाचे गृहस्थ होते. गेल्या पावसाळ्यात ते वारले. अखेरीस ते कोणाशी बोलत नसत, तोंडाला टॉवेल बांधून बसत, असे कळले. दातदुखी असावी.

९ डिसेंबर
आज कणगी भरली. बांबूने विणलेल्या, शेणाने सारवलेल्या या उंच पिंपात गावाचे लाल भात असते. हे वाण दुसऱ्या कोणाकडे उरलेले नाही. पेरणीला हेच हवे. रीत अशी, की कणगी कधीही पूर्ण रिकामी करायची नाही. जुन्या भातातील एक मूठ तळाशी राखायची आणि तिच्यावर नवे भात ओतायचे. मला ही रीत आवडली.

किडीवर औषध म्हणून एका जिवाणूची पूड मिळते. येथे ती पूर्वीपासून वापरतात. दापोलीला राहणारी माझी कन्या योगिनी कीटकशास्त्र शिकलेली आहे. तिने फोनवर समजावले, की अळीने पूड खाल्ली म्हणजे तिचे आतडे फुटते. माणसाला मात्र काहीही अपाय होत नाही.

२० जानेवारी
वरच्या थरात जाळी दिसली. धाग्यांनी दाणे एकमेकांस चिकटले होते. कणगीच्या काठावर करडे पतंग बसले होते. येथे त्यांना पाखरे म्हणतात. पूड कालवली. बऱ्याच अळ्या काळ्या पडून मेल्या. योगिनीला अभिमानाने कळवले.

१६ फेब्रुवारी
पतंग पुन्हा आले आहेत, पूर्वीपेक्षा दाट. पूड दुप्पट कालवली आणि आज दुपारी भिंग घेऊन पाहिले. अळ्या मरत नाहीत. दाणा सोडून त्या आधी पूडच खातात. त्यांची तोंडे पांढरी झाली आहेत. मी पाहत असताना त्या सर्व एकाच क्षणी थांबल्या आणि माझ्या बाजूस वळल्या. मी भिंग खाली ठेवले.

योगिनीला फोन केला. तिने विचारले, “बाबा, कणगी भरताना तळाशी काही ठेवलं होतं का?” मुठीचे ऐकून ती म्हणाली, की पूड खाऊनही जगलेल्या अळ्याच त्या मुठीत उरतात आणि दरवर्षी आपण त्यांनाच नव्या भातात सोडतो. कणगी रिकामी करावी, भात उन्हात घालून चाळावे, मूठ जाळावी. पुढच्या महिन्यात ती स्वतः येऊन बियाणे शीतगृहात नेणार आहे.

२ मार्च
येसूबाईंना हे सांगताच त्यांचा चेहरा उतरला.

“ती मूठ आपली न्हाय, गुरुजी. पाखरांची हाय. तेवढी ठेवली की बाकीचं आपलं.”

भागोजींनी ती जाळली होती आणि त्यानंतरच तोंड बांधले, असे त्या म्हणाल्या. ते गेल्यावर येसूबाईंनीच उरलेल्या भातातून दुसरी मूठ राखली. अंधश्रद्धेला उत्तर देणे मला आवश्यक वाटले नाही.

५ मार्च
भात खळ्यात पसरले, वाळवले, चाळले. बियाणे स्वच्छ निघाले. ते पत्र्याच्या डब्यांत भरून झाकणे मेणाने बंद केली.

तळाची मूठ हाताने उचलली, तेव्हा ती उबदार लागली. झोपलेल्या जनावराच्या अंगासारखी. चुलीत टाकली. पांढरा धूर निघाला, छताकडे न जाता माझ्याकडे आला, आणि खोकण्यापूर्वीच बराचसा घशात उतरला. असो. बियाणे वाचले.

९ मार्च
सकाळी चूळ भरताना दातांत धागा लागला. ओढला. तुटेना. ओढतच राहिलो — तो घशाच्या आतून येत होता.

११ मार्च
येसूबाई ओटीवर आल्या. मी नमस्कार म्हणालो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले, पदर नाकावर ओढला आणि त्या मागे सरल्या. दोन पाखरे त्यांच्या डोक्यावरून खळ्यात गेली. कणगी रिकामी आहे. घरात दाणा उघडा नाही. मग ती आली कोठून —

१३ मार्च
पूड पाण्यात कालवून प्यायलो. माणसाला अपाय नाही. क्षणभर आत सारे स्वस्थ झाले. मग त्यांनी ती खाल्ली. मला जाणवले — खाताना.

१४ मार्च
टॉवेल बांधला. भागोजींना दातदुखी नव्हती.

योगिनीला संदेश पाठवला: येऊ नकोस. तिचे उत्तर: बाबा, तुम्ही मला दोन शब्दांत कधीच काही लिहिलं नाही. बरं नाही ना? उद्या सकाळच्या गाडीने निघते.

बियाण्याचे डबे ओटीवर ठेवले. वर चिठ्ठी: हे घेऊन जा, आत येऊ नकोस. कडी लावली.

१५ मार्च
तिची पावले. चिठ्ठी वाचली असावी. आता दारावर थाप —

“बाबा, आत आहात ना? नुसतं ‘हो’ म्हणा, मी जाते.”

एकच शब्द. न म्हणावा तर ती दार ढकलेल. कडी जुनी आहे. म्हणायचा तर टॉवेल सोडावा लागेल — दाराला फट आहे, तिचे तोंड फटीशीच —

तिच्या आवाजाने आत सगळी जागी झाली. जिभेवर आली आहेत. टॉवेलखाली पंख —

खांदा लावते आहे दाराला. कडी —

योगिनी, बोलू नकोस. तोंड मिटून घे, तोंड —