बॉनेटवर हात

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

म्हातारी विकायची ठरवली आहे. हातात पाना असेल तर आधी खाली ठेव, मग पुढचं वाच. ती बाबांची पिकअप आहे, आपण तिच्या हौद्यात लहानाचे मोठे झालो, हे सगळं मला पाठ आहे. तेवढ्यासाठी शाई वाया घालवू नकोस.

शोरूमला जाऊन आलो. नवी पिकअप चावीशिवाय सुरू होते. हौद्यात लादलेल्या गिऱ्हाइकांच्या काचा कशा उभ्या आहेत ते समोरच्या पडद्यावर दिसतं. कुणी फार जवळ आलं की ड्रायव्हरची सीट थरथरते. विक्रेता म्हणाला की ही गाडी जवळजवळ स्वतःच चालते. मी विचारलं की मग हप्तेही तीच भरते का. तो हसला नाही.

बाबांनी गाडी दोघांच्या नावावर केल्यामुळे तुझी सही लागेल. कागद सोबत आहे. घरी सगळे मजेत.

तुझा,
धाकटा


११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

कागद मिळाला. स्टोव्हखाली ठेवायला बरा आहे, टेबल थोडं डुगडुगत होतं.

गॅरेज चालवते म्हणून चार गोष्टी सांगते. तुझ्या त्या नव्या सुंदरीचं बॉनेट मी इथल्या शोरूममध्ये उघडायला लावलं. आत प्लास्टिकचं झाकण. झाकण काढायची परवानगी तिथल्या पोरालाही नाही म्हणे. बिघडली की ती पडद्यावर एक पिवळा दिवा लावते आणि तू हात जोडून कंपनीच्या माणसाची वाट बघत बसतोस. अभिनंदन.

बाबांनी आपल्याला बॉनेटपाशी डोळे मिटून उभं करून काय शिकवलं होतं? कुठला भाग कुरकुरतोय ते ऐकायला. दर रविवारी तू फोन इंजिनाजवळ धरायचास आणि मी इथून सांगायचे की पट्टा सैल आहे. तो रविवारचा फोन अचानक बंद का झाला? मी केला की तुझी बायको उचलते आणि तू आंघोळीला गेलास म्हणून सांगते. इतकी स्वच्छता तुझ्या अंगी कधीपासून आली? आणि मेसेज करू नकोस, माझा फोन जुना बटणांचा आहे, त्यावरचं मला वाचता येत नाही हे तुला माहीत आहे.

सही करणार नाही.

तुझी,
ताई


१९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू आता हट्टालाच पेटली आहेस, म्हणून सांगतो. बायकोला उगाच दोष देऊ नकोस, तिला मीच खोटं बोलायला लावलं.

गेल्या महिन्यात एका दुकानाच्या दर्शनी काचा म्हातारीतून घेऊन निघालो होतो. एका काचेला धरून ठेवणारा चिमटा सुटला. ती भर रस्त्यात किणकिणत होती म्हणे, अगदी पहिल्या चौकापासून. लोक मला हात करत होते. मला वाटलं, धंद्यात आपलं नाव झालं. मीही हसून हात करत गेलो. केस कापायच्या दुकानासमोर काच खाली आली. बाहेर खुर्ची टाकून बसलेला माणूस नुकताच उठून आत गेला होता, म्हणून वाचला.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं, ताई. फुटल्याचंसुद्धा नाही. आरशात लोक धावताना दिसले तेव्हा थांबलो. डॉक्टर म्हणाले, डावा कान गेला, उजवा अर्धा उरलाय. काच घासायच्या यंत्रापाशी इतकी वर्षं काढली, त्याचं हे बक्षीस.

म्हातारी कानांनी चालवायची गाडी आहे. नवी डोळ्यांनी चालते, आणि सीट थरथरली की तेवढं मला अजून कळतं. पुन्हा कुणाच्या अंगावर काच टाकेन याची भीती वाटते. तुला फोनवर सारखं काय काय म्हणून विचारायची लाज वाटते, ती वेगळीच.

तुझा,
धाकटा


२४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

कागद स्टोव्हखालून काढला. एका कोपऱ्याला तेल लागलंय, सही मात्र स्वच्छ आहे.

तुझं पत्र वाचून शटर अर्धं खाली ओढून बसले. गिऱ्हाइकांना सांगितलं की मालकीण आजारी आहे. खोटं नव्हतं ते. खूप रडले, आणि मग तुझा भयंकर राग आला. बहिणीपासून लपवायला तुला कानच सापडले?

नवी घे. तिचं ते प्लास्टिकचं झाकणही सहन करीन. म्हातारी मात्र परक्याला द्यायची नाही. मी रविवारी येऊन तिला घेऊन जाते. त्या दिवशी आंघोळ लवकर उरक.

तुझी,
ताई


२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलीस हे कळलं. नवी पिकअप हुशार आहे, पण घाबरट. काल कचऱ्याच्या डब्याला बघून सीटसकट थरथरली. काचा मात्र पडद्यावर नीट दिसतात आणि मला रात्री झोप लागते.

निघताना तू इंजिन चालू ठेवून कान लावलास आणि पाटीवर खडूने लिहून दाखवलंस की म्हातारी ठणठणीत आहे. तुझ्या दोन शाबूत कानांविषयी पूर्ण आदर बाळगून सांगतो की ती ठणठणीत नाही. मी तेव्हा बॉनेटवर हात टेकला होता. इंजिन ज्या रबरांवर बसतं त्यातलं पुढचं डावं गेलंय. तळव्याला तिथेच हिसका बसत होता. बघून घे.

तुझा,
धाकटा


७ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पुढचं डावंच. चिरलं होतं. बदललं. माझ्या कानांचा अपमान मी मुकाट्याने गिळला आहे, त्याचा जाहीर उल्लेख करू नकोस.

गॅरेजात आणखी एक गाडी उभी आहे, तिचं दुखणं मला चार दिवस ऐकूनही कळत नाहीये. रविवारी ये. दोन्ही इंजिनं चालू करून ठेवते. फोन घरी राहू दे, हात तेवढे घेऊन ये.

वाट बघणारी,
ताई