निबारणचा चारा आणि माझं नाक

८ ऑगस्ट, गुरुवार

वास नाही! सकाळपासून चार वेळा खात्री केली. मोहरीचं तेल, कापूर, उदबत्ती, शेवटी स्वतःची चप्पल. काही म्हणजे काही नाही. ताप गेला त्याला पाच दिवस झाले; जाताना वासही घेऊन गेला.

अणिमा म्हणाली, "बरंच झालं की! त्या माशांच्या चाऱ्याचा दर्प आता निदान तुम्हाला तरी सोसायला नको." एकोणचाळीस वर्षं संसार केला, पण तो दर्प सोसायचा नसतो हे हिला काही कळलं नाही.

आणि नेमका आज गुरुवार. निबारण कुंडूच्या दुकानात चारा कालवायचा दिवस. गळ, दोऱ्या, काठ्या कुठंही मिळतात. चंदननगरचे गळ टाकणारे निबारणकडे येतात ते चाऱ्यासाठी. मोहरीची पेंड, भाजलेली मेथी, एकांगीचं सुवासिक मूळ, तांदळाच्या दारूचा गाळ, सगळं एका मोठ्या घमेल्यात. मग ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे वरून काही मिसळायचं. पण मी वास घेतल्याशिवाय एक पुडी बांधली जात नाही. अकरा दुर्गापूजा झाल्या, हाच रिवाज. निबारण मूठ माझ्या नाकाशी धरतो. "शिबुदा, सांगा." मी म्हणतो, मेथी कच्ची आहे. किंवा, पेंड कुबट निघाली, बदल. किंवा, जमलं! बाकीच्यांना येतो तो नुसता दर्प. त्यातलं कुबट नि ताजं वेगळं काढणं हे माझं काम.

आजही मूठ आली. सगळे माझ्याकडे बघत. मी डोळे मिटले, शाळेत कविता म्हणण्याआधी मिटायचो तसे. आणि म्हणालो, "जमलं."

खोटं बोललो. सांगायला काय झालं होतं? पण बाहेर मी ज्यूट मिलचा निवृत्त कारकून. त्या दुकानात मी नाक आहे. नाक गेलं तर त्या स्टुलावर कोण म्हणून बसू?

११ ऑगस्ट, रविवार

सहा ते पाच तळ्यावर बसलो. दोरीला झटका म्हणून नाही. शेजारी तपन हालदार, निबारणचं जुनं गिऱ्हाईक. त्याचीही पिशवी रिकामी.

१३ ऑगस्ट, मंगळवार

दुपारभर जुन्या गोष्टी आठवत पडलो होतो. हरिपंडित आठवले. आठवीत कविता शिकवायचे. "नुसती पाठ करू नका रे, गाढवांनो. कदंबाचं फूल आलंय ओळीत! वास घ्या आधी!" आम्ही चाळीस पोरं पुस्तकाला नाक लावून हुंगत बसायचो. खरंच यायचा वास. आज ती कविता मनात म्हणून पाहिली. शब्द सगळे आले. फूल आलं नाही.

निबारणचे वडील आठवले. पहिल्यांदा गेलो तेव्हा एक गळ मागितला होता. म्हाताऱ्यानं तीन मापांचे तीन दिले. "मासा ज्याला लागेल तो तुझा, बाकीचे दोन रविवारी आणून टाक." हे असं दुकान! निबारणही बापाच्याच वळणाचा. माझ्या बाबांची गळाची वेताची काठी त्यानं किती वेळा बांधून दिली, गणती नाही. उजवा खांदा धरायला लागला तेव्हा मी कुणाला काही बोललो नव्हतो. काठी दुरुस्त होऊन आली ती दोरी गुंडाळायच्या चाकाची मूठ डाव्या बाजूला घेऊन. विचारलं तर म्हणाला, "तीन रविवार तुम्ही छत्री डाव्या हातात धरून येताय." अणिमाच्या ऑपरेशनच्या वेळी रोज माशाचा पातळ झोल पाठवत होता, तोही हॉस्पिटलात चालेल असा, बिनमिरचीचा. इतकं कोण कुणासाठी पाहतं?

आणि त्याच्याशी मी खोटं बोललो.

१५ ऑगस्ट, गुरुवार

पुन्हा मूठ. पुन्हा "जमलं."

१८ ऑगस्ट, रविवार

तळ्यावर आज नऊ जण. नऊ जणांत मिळून एक मासा, तोही बोटाएवढा!

तपन सगळ्यांदेखत म्हणाला, "शिबुदा, माझ्या बायकोनं पुडी उघडून हुंगली आणि थेट उकिरड्यावर टाकली. म्हणाली, पेंडीला बुरशी चढलीय. तुमच्या नाकानंही पेन्शन घेतली की काय?" सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. तपन पुढच्या रविवारपासून स्टेशन रोडच्या नव्या दुकानातली तयार पाकिटं आणणार आहे. आणखी दोघांनी माना डोलावल्या. वीस-वीस वर्षांची गिऱ्हाइकं!

घरी येऊन मूठभर कुरमुरे खाल्ले. चव लागली नाही, पण ती हल्ली लागतच नाही.

२२ ऑगस्ट, गुरुवार

दुकानात तीनच माणसं. एरवी गुरुवारी पाय ठेवायला जागा नसते.

ती माणसं गेल्यावर निबारण घमेल्याजवळ बसून राहिला. म्हणाला, "माझा हात गेला, शिबुदा. तुम्ही जमलं म्हणता, म्हणजे जिन्नस चोख आहेत. मग दोष कालवण्यातच असणार ना? बाबा पाणी अंदाजानं घालायचे. माझा अंदाज गेला." आपल्या हाताकडे बघत होता, परक्याचा असावा तसा. दुर्गापूजा झाली की जागा मोबाईलवाल्याला देणार म्हणाला. बोलणीही झाली आहेत.

मी तिथंच होतो. तोंड होतं मला. काही बोललो नाही!

२३ ऑगस्ट, शुक्रवार

अणिमाला सांगितलं. तिनं विळी बाजूला सारली. "म्हणजे त्याचं दुकान जाणार, आणि तुम्ही नाक मिरवत बसणार?"



२५ ऑगस्ट, रविवार

सांगायला गेलो होतो. दुकानात माणसं होती. दोरीची एक गुंडाळी घेऊन परत आलो.

२७ ऑगस्ट, मंगळवार

सांगितलं.

दुपारी तो एकटाच होता, काठीला रेशीम गुंडाळत. मी उभ्या उभ्या सांगितलं. दुसरं कडवं विसरलेला मुलगा पहिलंच पुन्हा पुन्हा म्हणतो, तसं झालं माझं. ताप, वास, तीन गुरुवार, पेंड, ताप, वास. "तुझा हात ठीक आहे, निबारण. माझंच नाक गेलंय. हे सगळं माझ्यामुळं झालं."

त्याच्या हातातलं रेशीम सुटलं. अख्खं उलगडत खाली गेलं, त्यानं उचललंही नाही. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "तीनही गुरुवार?"

"तीनही."

"घरी जा, शिबुदा." आणि शटर अर्धं खाली ओढलं. दिवसाउजेडी! त्या शटरखालून वाकून मी बाहेर पडलो.

२८ ऑगस्ट, बुधवार

निबारण सकाळीच दारात. डोळे लाल. आत ये म्हटलं तरी येईना.

"काल धीर झाला नाही, शिबुदा. बाबा गेले त्या वर्षी मला टायफॉइड झाला होता, आठवतं? तेव्हापासून मला कसलाच वास येत नाही. अकरा वर्षं. कुंडूच्या पोराला वास येत नाही हे कळलं असतं तर कोण आलं असतं दुकानात? तुम्ही सांगाल त्यावर सगळं चाललं होतं."

आणि मी समजत होतो, तो मला मान देतोय! तो तर माझा हात धरून चालत होता.

 मग त्यानं हळूच विचारलं, "तपनची बायको येईल का हो, गुरुवारी वास घ्यायला?"

त्याला तिथंच बसवलं, अणिमाला चहा टाकायला सांगितला. तपनच्या घराची बेल मी वाजवली.